फिनिक्स मिल : भोंगा थांबल्यानंतरची इमारत

कोथरूडहून चांदणी चौक ओलांडून बाह्यवळण रस्त्याने वाकडच्या दिशेने निघाले, की सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भव्य मॉलवर 'फिनिक्स' हे नाव दिसते. विमाननगरच्या मॉलवर तेच नाव २०११ पासून झळकत आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधणाऱ्या पुणेकराला ते एखाद्या परदेशी साखळीचे नाव वाटले तर नवल नाही. हे मॉल ज्या कंपनीचे आहेत, तिचे अधिकृत नाव मात्र आजही 'द फिनिक्स मिल्स लिमिटेड' असेच आहे. या कंपनीची स्थापना १९०५ साली झाली, ती मुंबईत सूत कातण्यासाठी आणि कापड विणण्यासाठी. तिची गिरणी लोअर परळला, आजच्या सेनापती बापट मार्गावर होती. तिथेही आता मॉल आहे, पंचतारांकित हॉटेल आहे आणि या साऱ्याच्या मधोमध गिरणीचे जुने धुराडे जपून ठेवलेले आहे.

राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पक्ष्याचे नाव गिरणीला देताना संस्थापकांच्या मनात काय होते, ते असो. मुंबईतील बंद गिरण्यांपैकी ज्यांना दुसरा जन्म मिळाला, त्यांत फिनिक्सचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. हा जन्म कसा मिळाला, तो कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या नाही, हे समजून घ्यायचे तर इमारतीपासूनच सुरुवात करावी लागते. कारण गिरणगावातील पुढचा सारा झगडा शेवटी एकाच प्रश्नावर येऊन ठेपला : गिरणीची इमारत उभी आहे की पाडली आहे?

गिरणी अशीच का बांधत?

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात भायखळा, परळ, लालबाग, वरळी या पट्ट्यात धुराड्यांचे रानच उभे राहिले. फिनिक्स ही त्यातली तशी उशिरा आलेली गिरणी. तिच्या स्थापनेला जेमतेम तीन वर्षे होत होती, तेव्हा जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुण्याच्या पुढाऱ्यासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला, ही घटना त्या काळी सरकारलाही अनपेक्षित होती.

गिरणीच्या बांधकामात शोभेपेक्षा गरजेचा भाग मोठा असे. कताईची यंत्रे एकावर एक मजल्यांवर मांडता येत, म्हणून कताई खात्याच्या इमारती तीन-चार मजली, जाड भिंतींच्या. मागांचे तसे नसते. शेकडो माग एकाच वेळी आदळू लागले की हादरे बसतात. म्हणून विणाईचे खाते बहुधा तळमजल्यावर, एकमजली आणि पसरट असे. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. दर दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, उन्हाची तिरीप थेट आत येत नाही, त्यामुळे तुटलेला धागा विणकराच्या नजरेतून सुटत नाही. आतले छप्पर तोलायला ओतीव लोखंडाचे बारीक खांब. हवा मुद्दाम दमट ठेवलेली, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. सुताला मानवणारी ही हवा माणसाच्या छातीला मानवत नसे. कापसाची तूस फुप्फुसात जाऊन होणारा दमा हा गिरणगावात घरोघरचा पाहुणा होता.

उंच छत, खांबांमधील मोकळी जागा, भरपूर उजेड आणि वजन पेलणारे मजबूत मजले. यंत्रांसाठी केलेली ही सोय शंभर वर्षांनी दुकाने, कार्यालये आणि खाद्यगृहे थाटणाऱ्यांना जशीच्या तशी उपयोगी पडली. मोटारी बनवायच्या जुन्या कारखान्याला असा दुसरा संसार सहसा लाभत नाही.

धुराडे ही गिरणीची खूण, पण त्याचे मूळ काम तुलनेने लवकर कमी झाले. गिरण्या सुरुवातीला वाफेच्या इंजिनांवर चालत. १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला येऊ लागली आणि एकेका गिरणीत विजेच्या मोटारी बसू लागल्या. धुलाई-रंगाईसाठी लागणारी वाफ तेवढी बॉयलरवर राहिली. या विजेचा एक धागा थेट कोथरूडशी जुळतो. कोथरूडमधून जाणारा पौड रस्ता ज्या मुळशीकडे जातो, तिथे टाटांनी धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा फसला, गावे पाण्याखाली गेली आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे होणारी वीज १९२७ पासून मुंबईकडे वाहू लागली. फिनिक्स गिरणीसमोरून जाणारा रस्ता पूर्वी तुळशी तलावाच्या जलवाहिनीवरून 'तुळशी पाइप रोड' म्हणून ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर त्याला सेनापती बापटांचे नाव देण्यात आले. ज्या विजेला त्यांचा विरोध होता, ती वापरणाऱ्या गिरण्यांच्या रांगेतून जाणाऱ्या रस्त्यालाच हे नाव मिळावे, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

संप आणि नंतर

गिरणी ही केवळ तिच्या आवारापुरती नव्हती. कोकणातून आणि सातारा-पुण्याच्या घाटमाथ्यावरून आलेला माणूस भोंग्याच्या हाकेच्या अंतरावर राहत असे. दहा बाय दहाच्या खोल्या, पाळीपाळीने झोपणारे बिऱ्हाडकरू, एकेका गावाच्या मालकीच्या गावकीच्या खोल्या, बायकांनी चालवलेल्या खानावळी. कामाला जायला लोकल लागत नसे, पायी जाता येई. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. संपामुळे गिरण्या बुडाल्या, असे म्हणण्याची रूढी आहे. ती अर्धी खरी आहे. यंत्रमागाशी स्पर्धा, वर्षानुवर्षे न बदललेली यंत्रे आणि कापडापेक्षा जमिनीला आलेला भाव ही कारणे संपाच्या आधीपासून वाढत होती. केंद्र सरकारने १९८३ मध्ये १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतील एकूण २५ गिरण्या आल्या. उरलेल्या गिरण्यांपैकी काही तग धरून चालल्या, काही नावापुरत्या.

संप विरत गेला तसे एक सत्य सर्वांच्या ध्यानी आले. मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांकडे होती. ती कापडासाठी वापरण्यापेक्षा विकण्यात अधिक पैसा होता.

एका कलमाची कथा

१९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ गिरण्यांच्या जमिनींसाठी होते. त्याचा गाभा तसा सोपा. गिरणीमालकाला जमिनीचा विकास करायचा असेल तर मोकळ्या जमिनीचे तीन वाटे पडतील. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत ३३ टक्के जमीन महापालिकेला उद्याने व मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. गिरणी जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी. दहा हेक्टरांवरील गिरणीत तो ३० टक्क्यांवर येत असे. सामान्य भाषेत याला 'एक तृतीयांशचे सूत्र' म्हणत.

या कलमात एक फट होती. गिरणीची आहे ती इमारत कायम ठेवून तिचा वापर बदलायचा असेल, म्हणजे मागांच्या जागी कार्यालये किंवा दुकाने आणायची असतील, तर इमारतीखालच्या जमिनीचे वाटे पाडण्याची गरज नव्हती. जुनी इमारत टिकवणे हा असा फायद्याचा व्यवहार झाला. लोअर परळमधील गिरण्यांच्या छपराखाली जाहिरात कंपन्या, दूरचित्रवाहिन्यांची कार्यालये आणि खाद्यगृहे आली, ती बव्हंशी याच काळात. लोक त्याला वारसाप्रेम समजले. प्रेम असेलही, पण त्याला नियमाचे पाठबळ होते.

फिनिक्सचे रूपांतर याच टप्प्यात सुरू झाले. १९९० च्या दशकात आवारात निवासी मनोरे उभे राहिले. दशकाच्या अखेरीस जुन्या इमारतीत बोलिंगचे क्रीडाकेंद्र आले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. लोकशाही हक्क संघटना आणि गिरणगाव बचाव आंदोलन यांनी २००० मध्ये फिनिक्सच्या या रूपांतरावर स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. गिरणीतील कामगारांच्या खेळ-करमणुकीची सोय म्हणून जिला मंजुरी मिळाली, ती जागा प्रत्यक्षात पैसे मोजणाऱ्या शहरी तरुणांसाठी खुली झाली, हा कामगार संघटनांचा मुख्य आक्षेप होता. एका बाजूला खात्यात उरलेसुरले कामगार पाळी करत आहेत आणि भिंतीपलीकडे चेंडूने लाकडी बाहुल्या पाडण्याचा खेळ रंगला आहे, हे चित्र गिरणगावाने मग बरीच वर्षे सांगितले.

त्यानंतर बदलाचा वेग वाढला. किराणा-कपड्यांचे स्वस्त महादुकान आले, मग नाममुद्रांची दुकाने, मग चित्रपटगृह. २००९ मध्ये 'पॅलेडियम' हा उंची वस्तूंचा विभाग सुरू झाला. आवारातील हॉटेल डिसेंबर २०१२ मध्ये 'शांग्रिला' या नावाने उघडले, अल्पकाळ 'पॅलेडियम' झाले आणि २०१५ पासून 'सेंट रेजिस' म्हणून ओळखले जाते. त्या महादुकानाची साखळी तर पुढे कर्जात बुडून बाजारातून नाहीशी झाली. कापडाच्या कामाने या आवारात ऐंशीहून अधिक वर्षे काढली. त्याच्या जागी आलेल्या व्यवसायांपैकी दहा वर्षे टिकणारे थोडे.

२००१ चा फेरफार

दरम्यान कलम ५८ बदलले. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने अभ्यासगट नेमला होता. गिरणगावाचा एकत्रित आराखडा व्हावा, मैदाने, घरे आणि रस्ते सलग मिळावेत, ही त्यामागची कल्पना. गटाचे काम महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरतेच राहिले आणि अहवाल फडताळात गेला. २००१ मध्ये सरकारने नियमच फिरवला. आता वाटे पडणार होते ते फक्त त्या जमिनीचे, जी आधीपासूनच मोकळी होती. इमारत पाडून जी जमीन मोकळी होईल, ती वाटणीतून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात मुळात मोकळी जागा ती किती? जमिनीचा मोठा भाग खात्यांनी आणि गोदामांनी व्यापलेला.

या एका शब्दबदलाने इमारतींचे नशीब उलटले. १९९१ च्या नियमात इमारत राखण्यात फायदा होता, २००१ च्या नियमात ती पाडण्यातही तोटा उरला नाही. त्यानंतरच्या दशकात गिरणगावातली धुराडी भराभर कोसळली, त्यामागे हे साधे गणित आहे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल देत, वाटणीत पाडलेल्या इमारतींखालची जमीनही धरावी, असे सांगितले. तोवर महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल डीएलएफने ७०२ कोटी रुपयांना घेतली होती. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द ठरवला आणि २००१ चा नियम कायम झाला. मैदाने आणि कामगारांची घरे यांसाठी मिळू शकणारी जमीन त्या दिवशी कमी झाली. शहराच्या इतिहासात इतक्या मोठ्या जमिनीचा निवाडा एका शब्दाच्या अर्थावर क्वचितच झाला असेल.

पायी येणारे गेले, लोकलने येणारे आले

इमारतीचा वापर बदलला, पण तिच्याभोवतीचे रस्ते आणि पूल गिरणीच्याच काळातले राहिले. गिरणीचा कामगार चाळीतून पायी येई. नवा कर्मचारी विरार, डोंबिवली, पनवेलहून लोकलने येऊ लागला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. (एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले.) बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्याच कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण दगावले. सूत कातण्यासाठी बांधलेल्या आवारात मध्यरात्री शेकडो माणसे जेवायला-नाचायला जमणार असतील, तर बाहेर पडण्याच्या वाटा, अग्निशमनाच्या गाड्यांचा रस्ता आणि गच्चीवरची छपरे यांचा हिशेब नव्याने मांडायला हवा होता. वापर बदलण्याची परवानगी कागदावर मिळते. जिना मात्र तेवढाच रुंद राहतो.

इतर गिरण्यांच्या वाट्याला निरनिराळे दिवस आले. कुलाब्याची समुद्रकाठची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि तिचे भग्न सांगाडे हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणाचे आवडते ठिकाण झाले. दादरच्या इंदू मिलच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभारण्याचे ठरून ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये काढलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद झाली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम २०२२ मध्ये त्याच आवारात झाले. पुण्यात रेल्वे स्थानकाजवळच्या राजा बहादूर मिलच्या दगडी आवारात आता खाद्यगृहे आणि संगीताच्या मैफली आहेत. पुणेकराला लोअर परळची चव घ्यायला मुंबईला जाण्याचे कारण राहिलेले नाही.

घराचा हिशेब

कामगारांच्या वाट्याला काय आले? बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि तिचे नेते दत्ता इस्वलकर यांनी १९८९ पासून हा प्रश्न लावून धरला. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले, तेव्हाही तो सुटलेला नव्हता. म्हाडाकडे घरासाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. त्यासमोर मोठ्या सोडती अशा : जून २०१२ मध्ये ६,९२५ घरे, २०१६ मध्ये दोन टप्प्यांत २,६३४ आणि २,४१८, मार्च २०२० मध्ये ३,८९४. एकूण १५,८७१. म्हणजे दर अकरा अर्जदारांमागे जेमतेम एक घर. त्यातही २,४१८ घरे मुंबईत नव्हेत, तर पनवेलजवळच्या कोन गावात होती आणि सोडतीत नाव निघाल्यानंतर किल्ली हाती पडायला वर्षे गेली. अर्जदारांपैकी बरेच जण आता हयात नाहीत, अर्ज वारसांच्या नावावर चालले आहेत.

मुंबईत जमीन उरली नाही म्हणून राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथे ८१ हजार घरांच्या योजनेला मान्यता दिली. कामगार संघटनांनी ती नाकारली. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि त्यांचे वारस पुन्हा जमले. घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी होती.

पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी कर्जत सोडल्यावर नेरळ, शेलू, वांगणी ही स्थानके न थांबता ओलांडते. तिथून लोकलने परळला उतरायला सव्वा ते दीड तास लागतो. करी रोड स्थानकातून बाहेर पडून लोअर परळच्या दिशेने चालू लागले, की दहा-पंधरा मिनिटांत फिनिक्सचे आवार येते. धुराडे काचेच्या इमारतींच्या मधोमध उभे आहे. त्याच्या पायथ्याशी सणासुदीला रोषणाई असते.